नॅनो औषध थेट गाठीतच जातं का? ड्रिप लावणाऱ्या सिस्टरचा प्रश्न

डेकेअर_सिस्टर

नमस्कार. मी कॅन्सरच्या डेकेअरमध्ये स्टाफ नर्स आहे, अकरा वर्षं झाली. केमो आणि इम्युनोथेरपीच्या (शरीराचीच प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागी करणाऱ्या औषधांच्या) ड्रिप लावायच्या, पेशंटवर लक्ष ठेवायचं, पुढची तारीख देऊन घरी पाठवायचं, हे माझं काम. प्रश्न थोडा लांबेल, पण एकदाच नीट विचारते.

आमच्याकडे एक आजी येतात, ओव्हरीच्या कॅन्सरसाठी. त्यांना लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन हे नॅनोकणांत भरलेलं केमोचं औषध चालू आहे. साधं डॉक्सोरुबिसिन स्वच्छ लालभडक दिसतं, हे किंचित धुरकट लाल. ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच घालायचं, सेटला फिल्टर लावायचा नाही, आणि पहिल्या वेळी अगदी सावकाश सोडायचं. पहिली पंधरा मिनिटं मी खुर्चीजवळून हलत नाही. पहिल्या सायकलला त्यांची मुलगी मोबाइलवर काहीतरी वाचत होती. तिनं विचारलं, "सिस्टर, हे नॅनो आहे ना? म्हणजे थेट गाठीतच जातं, बाकी शरीराला काही होत नाही?" तेवढ्यात पलीकडचा पंप वाजायला लागला. मी "हो" म्हणाले आणि तिकडे गेले.

तिसऱ्या सायकलला आजी आल्या तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते. तळवे लालबुंद, पेरांवरची कातडी सोलवटलेली, अंगठ्याच्या बुडाशी पाणी भरलेला फोड. पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवता येत नव्हतं. मुलगी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात, बाकी शरीराला काही होत नाही." डॉक्टरांनी तो डोस पुढे ढकलला. हँड-फूट सिंड्रोम मी कितीदा पाहिलाय, मला तो ठाऊक आहे. तरी त्या दिवशी मी "हो" म्हणाले, कारण घाई होती. आणि खरं सांगायचं तर "थेट गाठीत जातं" हे मलाही खरंच वाटत होतं. आम्हाला कुणी वेगळं कधी सांगितलंच नाही.

दुसरी गोष्ट इम्युनोथेरपीची. एकाच महिन्यात दोन काकांना तेच औषध सुरू झालं, दोघांचाही फुप्फुसाचा कॅन्सर. एका काकांच्या पहिल्या स्कॅनमध्ये गाठी वाढलेल्या दिसल्या. त्यांच्या मुलानं कुठंतरी वाचलं होतं की औषध काम करत असतानाही कधी कधी गाठ मोठी दिसते. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मी म्हणाले, "होतं असं." पुढच्या स्कॅनमध्ये लिव्हरवर नवीन गाठी होत्या. ते गेले. दुसरे काका चौथ्या वर्षी फॉलोअपला येतात, चालत येतात, माझी चौकशी करतात. त्यांना बघून मला आनंद होतो आणि त्याच क्षणी पहिल्या काकांचा मुलगा डोळ्यांसमोर येतो.

मी थकलेय. झोपेत पंपाचा आवाज ऐकू येतो. आमच्याकडे ताण कमी करण्यासाठी एक तासाचं सेशन झालं, डोळे मिटून श्वास मोजायचे. तो तास माझ्या खुर्च्या माझ्या मैत्रिणीनं सांभाळल्या, म्हणजे तिच्याकडे दुप्पट पेशंट होते. मला श्वास मोजताना तिचीच काळजी लागली होती.

इथं संशोधनातले लोक आहेत म्हणून विचारते. नॅनो औषधातलं खरं किती गाठीत पोहोचतं? इम्युनोथेरपी एकाला लागू पडते आणि दुसऱ्याला नाही, असं का? आणि माझ्यासारख्या इतर सिस्टर हे सगळं रोज कसं निभावतात? सोप्या शब्दांत सांगा, पण खरं सांगा.


कणांच्या_मागे

सिस्टर, मी नॅनोकणांवर काम करतो, आता सातवं वर्ष. तुमचा पहिला प्रश्न माझ्या कामाच्या अगदी मुळाशी जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी माप. आपला केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. तुम्ही लावता त्या औषधाचा एक कण म्हणजे सुमारे ८० ते १०० नॅनोमीटरचा चरबीचा फुगा. आत डॉक्सोरुबिसिन ठासून भरलेलं, बाहेर पेग नावाच्या पॉलिमरचं आवरण. १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे पहिलं नॅनो औषध.

"थेट गाठीत जातं" ही समजूत आली कुठून? १९८६ मध्ये मात्सुमुरा आणि माएदा या जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, आणि गाठीत लिम्फचा निचरा नीट होत नाही. मोठे रेणू तिथं झिरपतात आणि अडकून राहतात. त्यावर पुढची तीस वर्षं आमचं शास्त्र उभं राहिलं. पण बरेचसे प्रयोग उंदरांवरचे. उंदराच्या अंगात काही आठवड्यांत वाढवलेली गाठ आणि माणसात कित्येक वर्षं हळूहळू वाढलेली गाठ, यांच्या रक्तवाहिन्या सारख्या नसतात.

२०१६ मध्ये टोरांटोच्या एका गटानं आधीच्या दहा वर्षांतले असे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. दिलेल्या डोसपैकी गाठीत पोहोचलेल्या कणांचं प्रमाण मध्यकानं निघालं ०.७ टक्के. हजार कण सोडले तर सात. उरलेल्यांतला मोठा वाटा लिव्हर आणि स्प्लीन पकडतात. लिव्हरमध्ये कुप्फर पेशी असतात, रक्तात फिरणारी परकी वस्तू गिळणं हेच त्यांचं काम. त्याच गटानं २०२० मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. गाठीत शिरणारे बहुतेक कण वाहिनीच्या फटींतून आत जातच नाहीत, वाहिनीच्या पेशी त्यांना उचलून पलीकडे नेतात. म्हणजे गळक्या नळीचं चित्रसुद्धा आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. तीन वर्षं खपून मी एक कण बनवला होता. त्याच्या अंगावर गाठीच्या पेशींना ओळखून चिकटणारा रेणू बसवला होता. काचेच्या ताटलीत तो अचूक चिकटायचा. मग उंदराला दिला, चोवीस तासांनी अंधाऱ्या पेटीत ठेवून कणांची चमक मोजली. पडद्यावर लिव्हर पिवळंधमक पेटलेलं होतं. गाठीच्या जागी फिकट निळा ठिपका. कण रक्तात गेल्या गेल्या रक्तातली प्रथिनं त्याच्याभोवती गोळा होतात, थरावर थर, आणि मी बसवलेला रेणू त्या थराखाली गाडला गेला होता. त्या दिवसापासून मी "लक्ष्यवेधी औषध" हा शब्द वापरत नाही.

मग तुमच्या आजींना हे औषध का देतात? कारण त्याचा खरा फायदा दुसरीकडे आहे. साधं डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूला इजा करतं, आणि एकूण डोस वाढत जाईल तसा धोकाही वाढतो. हृदयातल्या रक्तवाहिन्या घट्ट विणीच्या. १०० नॅनोमीटरचा फुगा त्यांतून सहज बाहेर पडत नाही, म्हणून हृदय बरंच वाचतं. आता हातांचं बघा. साधं औषध काही मिनिटांत रक्तातून निघून पेशींमध्ये जातं. फुग्यातलं दोन-तीन दिवस रक्तात फिरत राहतं. जिथं दाब पडतो, घर्षण होतं, ऊब असते, अशा तळहात-तळपायांच्या बारीक वाहिन्यांत ते झिरपतं. हृदय वाचतं आणि तळवे सोलवटतात, या दोन्हींचं कारण एकच: फुगा रक्तात जास्त वेळ टिकतो.

मुलीनं पुन्हा विचारलं तर मी असं सांगेन: "हे औषध अशा रीतीनं बांधलंय की हृदयाला त्रास कमी व्हावा. गाठीपर्यंत त्यातलं थोडंच पोहोचतं, पण तेवढंही काम करतं. हातापायांवर परिणाम होऊ शकतो, कातडी लाल झाली की लगेच कळवा." एवढं बोलायला अर्धा मिनिट लागतो.


डेकेअर_सिस्टर

सर, तुमचा रिप्लाय दोनदा वाचला. हृदय आणि तळवे या दोन्हींचं कारण एकच, हे अकरा वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला फक्त यादी मिळते: हे होऊ शकतं, ते होऊ शकतं. कारण कळलं की यादी पाठ करावी लागत नाही.

एक विचारते. पहिल्या वेळी सावकाश सोडायचं ते का? काही पेशंटचा चेहरा एकदम लाल होतो, पाठ दुखते, छाती आवळल्यासारखी वाटते. ड्रिप थांबवली की थोड्या वेळात उतरतं.


कणांच्या_मागे

रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं असतात, जंतू ओळखून त्यांच्यावर खूण करणारी. आकारानं आपला फुगा विषाणूसारखाच, म्हणून ती प्रथिनं कधी कधी त्याच्यावर तुटून पडतात. सावकाश सोडलं की एका वेळी थोडेच कण समोर येतात आणि गदारोळ होत नाही. तुम्ही ती पहिली पंधरा मिनिटं खुर्चीजवळ उभ्या राहता, ते अगदी योग्य आहे.

यातून पुढची एक गोष्ट सुचली, तीही सांगून टाकतो. रोगप्रतिकारक पेशी आमचे कण खातात, हे आमचं इतकी वर्षं दुखणं होतं. पण लस द्यायची असेल तर? तेव्हा त्याच पेशींनी कण खायला हवा असतो! आत गाठीच्या प्रथिनांची कृती लिहिलेला एमआरएनए ठेवायचा, बाहेर चरबीचा नॅनोकण, आणि तो डेंड्रायटिक पेशींच्या तोंडी द्यायचा. त्या पेशी टी-पेशींना, म्हणजे शत्रूपेशी मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना, शिकवतात की हे ओळख, याला मार. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या १५७ पेशंटवर अशी एक चाचणी झाली. प्रत्येकाच्या गाठीतले बदल वाचून त्याच्यापुरती वेगळी लस बनवली, जास्तीत जास्त ३४ बदलांविरुद्ध. ऑपरेशननंतर नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध घेणाऱ्यांपेक्षा, त्यासोबत लसही घेणाऱ्यांमध्ये आजार परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. चाचणी मधल्या टप्प्याची आणि लहान होती, हे लक्षात ठेवायचं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्येही ऑपरेशन झालेल्या १६ जणांना अशी लस दिली, त्यातल्या ८ जणांच्या टी-पेशी जाग्या झाल्या. निम्म्यांच्या नाही झाल्या. का नाही, ते शोधण्यात सध्या आमच्यापैकी बरेच जण गुंतलेत.


वॉर्डराउंड

मी ऑन्कोलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरचा डॉक्टर आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

टी-पेशी कॅन्सरच्या पेशीला मारू शकते, पण तिच्यावर ब्रेक असतात. ते नसते तर तिनं आपल्याच अवयवांवर हल्ला केला असता. सीटीएलए-४ हा एक ब्रेक आणि पीडी-१ हा दुसरा. पीडी-१ चा जनुक क्योटोमध्ये होंजो यांच्या गटाला १९९२ मध्ये सापडला. सीटीएलए-४ अडवला तर उंदरातल्या गाठी विरघळतात, हे ॲलिसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये दाखवलं. असा ब्रेक सोडणारं पहिलं औषध आलं २०११ मध्ये, आणि २०१८ चं नोबेल या दोघांना मिळालं. कल्पना मात्र फार जुनी. न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली या सर्जननं १८९१ मध्येच गाठीत जंतू टोचून शरीराला चेतवायचा प्रयत्न केला होता. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये आपण आजही बीसीजी ही क्षयाची लस देतो, त्यामागचा विचार तोच.

आता तुमचे दोन काका. ब्रेक सोडून उपयोग कधी? गाडी तिथं उभी असेल तेव्हा. काही गाठींमध्ये टी-पेशी आधीच शिरलेल्या असतात, फक्त दाबून ठेवलेल्या. तिथं औषध कमाल करतं. काही गाठींच्या आत टी-पेशीच नसतात, कडेला थबकलेल्या असतात किंवा फिरकलेल्याही नसतात. शिवाय गाठीत जनुकीय बदल किती, त्यातले परके वाटतील असे किती, दबाव टाकणाऱ्या रेग्युलेटरी टी-पेशी किती, यावरही ठरतं. या रेग्युलेटरी पेशींच्या शोधालाच २०२५ चं नोबेल मिळालं. आपण पीडी-एल१ (पीडी-१ चा ब्रेक दाबणारं गाठीवरचं प्रथिन) वगैरे तपासण्या करतो, त्यांनी अंदाज येतो, खात्री मिळत नाही. दोन माणसांच्या रिपोर्टवर आजाराचं नाव एकच असलं तरी आतलं चित्र वेगळं असतं. पहिल्या काकांच्या बाबतीत कुणाचं काही चुकलं म्हणून औषध फसलं, असं नाही.

आकडे हवे असतील तर मेलानोमाचे देतो. प्रगत अवस्थेतल्या पेशंटना दोन ब्रेक एकत्र सोडणारी औषधं दिली, तेव्हा दहा वर्षांनी ४३ टक्के हयात होते. या औषधांच्या आधी असे पेशंट बहुतेक वर्षभरात जायचे. ४३ हा आकडा मी पेशंटसमोर आनंदानं सांगतो, आणि ५७ सुद्धा त्याच दमात सांगतो.

स्कॅनमध्ये गाठ मोठी दिसणं. टी-पेशी आत घुसल्यामुळे गाठ फुगून दिसते, हे खरं आहे, पण ते क्वचित होतं, शंभरात दहा जणांपेक्षाही कमी. म्हणूनच २०१७ पासून नियम असा आहे की शंका असेल आणि पेशंटची तब्येत चांगली असेल, तर चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून खात्री करायची. पेशंट खंगत चालला असेल, तर मात्र आजारच वाढतोय असं समजायला हवं. सिस्टर, त्या मुलाला हे सांगणं तुमचं काम नव्हतंच. आमच्यापैकी कुणीतरी स्कॅन उघडून त्याच्यासमोर बसायला हवं होतं. तुम्हाला ते उत्तर द्यावं लागलं, ही आमच्या बाजूची चूक.

आणि तुमचं काम किती मोठं आहे ते सांगतो. ब्रेक सोडल्यावर टी-पेशी आतडं, थायरॉइड, फुप्फुस, कधी हृदयावरही चालून जातात. माझ्या एका पेशंटला चौथ्या डोससाठी खुर्चीत बसवलं होतं. सिस्टरनं सहज विचारलं, रात्री झोप लागते का? तो म्हणाला, चार-पाच वेळा लघवीला उठतो, घसा सारखा कोरडा पडतो. तिनं ड्रिप न लावता आधी साखर तपासली आणि मला फोन केला. साखर ४८० होती. औषधामुळे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या गेल्या होत्या. हा दुष्परिणाम शंभरात एखाद्याला होतो. फोन दुसऱ्या दिवशी आला असता तर तो अतिदक्षता विभागात गेला असता. माझ्या राउंडला त्यानं मला "सगळं ठीक" असंच सांगितलं होतं.


चारवाजता

मी सिस्टर नाही, डॉक्टर नाही. वडिलांची इम्युनोथेरपी दीड वर्ष चालली, मी सोबत असायचो. सगळ्यांनी खूप चांगलं लिहिलंय. पण एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. ०.७ टक्के हा आकडा मला ड्रिप चालू असताना ऐकायचा नव्हता. वडील समोर बसलेले, थेंब पडताहेत, आणि मनात हजारातले सात. मी ते थेंब मोजत बसलो असतो.

खोटं सांगू नका, हे मान्य. पण सगळं खरं एकदम आणि खुर्चीपाशी सांगू नका. आमच्या सिस्टर आधी विचारायच्या, "तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" कधी मी म्हणायचो सगळं, कधी म्हणायचो आज नको. दोन्ही वेळा त्या तसंच वागायच्या.


डेकेअर_सिस्टर

दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी उत्साहाच्या भरात उद्याच सगळ्यांना आकडे सांगत सुटले असते. आधी विचारायचं, हे लिहून ठेवलं.


जुनी_मेट्रन

बाळ, मी चौतीस वर्षं सिस्टर होते, त्यातली वीस कॅन्सर वॉर्डात. तुझ्या तिसऱ्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही, म्हणून लिहिते.

मी कामाला लागले तेव्हा केमो आम्ही साध्या टेबलावर मिसळायचो. एक ग्लोव्हजची जोडी, कधी तीही नाही. व्हायलमध्ये सुई घातली की आतल्या दाबानं बारीक फवारा उडायचा, हातावर, कधी ओठांवर. औषधाची कडू चव जिभेवर यायची. घरी गेले की डोकं जड व्हायचं, केस गळायचे. वरिष्ठ म्हणायचे, जपून कर, घाबरू नकोस. म्हणजे दोष आमच्या हातांचा! पुढे कळलं की १९७९ मध्येच फिनलंडच्या संशोधकांनी केमो हाताळणाऱ्या नर्सेसची लघवी तपासून त्यात जनुकांत बदल घडवणारे परिणाम दाखवले होते. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेनं सविस्तर इशारा दिला तो २००४ मध्ये. पंचवीस वर्षं गेली मधे. आणि आम्ही वाचलो ते जपून केल्यामुळे नाही. हवा खेचून घेणारी कॅबिनेट आली, दोन-दोन ग्लोव्हज आले, मागून बंद होणारे गाऊन आले, औषध बाहेर न उडू देणारे बंद सेट आले, तेव्हा वाचलो.

थकव्याचंही अगदी तसंच आहे, असं माझं ठाम मत आहे. तुला श्वास मोजायला सांगतात, ते "जपून कर" सारखंच. श्वास मोजून थोडं बरं वाटतं, मी नाही म्हणत नाही. पण २००२ मध्ये लिंडा एकन या अमेरिकन संशोधिकेनं पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांतल्या दहा हजारांवर नर्सेसचा अभ्यास केला. एका नर्सकडे एक पेशंट जास्त आला की तिच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढत होती, आणि ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी. तुझ्या मैत्रिणीकडे दुप्पट पेशंट होते असं तू लिहिलंस ना, तिथं माझा जीव कळवळला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली ती अशी: कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या, दीर्घकाळच्या ताणातून येणारी अवस्था. आजार म्हणून त्याची नोंद नाही, कामाशी जोडलेली स्थिती म्हणून आहे. डॉक्टरांवरच्या अभ्यासांची गोळाबेरीज २०१७ मध्ये झाली, त्यातही ड्यूटीच्या वेळा आणि कामाची रचना बदलल्यानं जास्त फरक पडला, माणसाला एकट्याला शिकवण्या दिल्यानं कमी.

तुझ्या मनाला जे सलतंय, ती नुसती दमणूक नाही. योग्य काय ते तुला माहीत होतं आणि ते करायला वेळ दिला गेला नाही. त्याला मॉरल इंजुरी म्हणतात. आधी हा शब्द युद्धावरून आलेल्या सैनिकांसाठी वापरायचे, २०१८ पासून आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीही वापरू लागले. जखमेचं नाव कळलं की मलमपट्टी कुठं करायची ते कळतं.

आम्ही काय केलं ते सांगते. मेट्रन झाल्यावर दोन गोष्टी मी हट्टानं करून घेतल्या. नवीन औषध ज्या पेशंटला सुरू होईल, त्याच्या पहिल्या दिवशी त्या सिस्टरकडे एक खुर्ची कमी. लेखी आदेश काढून घेतला, तोंडी नाही. आणि पहिल्या स्कॅनची बातमी सांगताना डॉक्टरांबरोबर त्या पेशंटची सिस्टरही आत बसणार. आधी कटकट झाली, वेळ जातो म्हणाले. तीन महिन्यांनी डॉक्टर स्वतःच हाक मारायला लागले, कारण नातेवाईक बाहेर येऊन तेच प्रश्न पुन्हा विचारेनासे झाले.

आणखी एक. कुणी गेलं की मी सगळ्यांना एक मिनिट पलंगाभोवती उभं करायचे. कुणी बोलायचं नाही. मग मॉनिटरच्या वायरी काढायच्या. पुढे वाचलं की व्हर्जिनियातल्या जोनाथन बार्टेल्स नावाच्या नर्सनं हेच सुरू केलं होतं, ते त्याला 'द पॉज' म्हणतात. पहिले काका गेले तेव्हा तुला कुणी तो एक मिनिट दिला नसेल. डेकेअरमध्ये तर पेशंट गेल्याचं कळतं तेच मुळी पुढची तारीख रद्द झाल्यावर. तिथं तुमची जागा तुम्हालाच शोधावी लागेल.

झोपेत पंप वाजतो म्हणतेस. असं किती दिवस आहे? महिनाभर झाला असेल तर डॉक्टरांना दाखव, अंगावर काढू नकोस. दुसऱ्याला तू हेच सांगितलं असतंस.


डेकेअर_सिस्टर

मेट्रनताई, महिना होऊन गेला होता. अपॉइंटमेंट घेतली, परवा जाऊन आले. सध्या दोन आठवडे रात्रपाळी नाही, असं त्यांनी लिहून दिलंय.

खुर्ची कमी करण्याचं पत्र आम्ही चौघींनी सह्या करून दिलं. ड्यूटी रोस्टर करणाऱ्या मॅडमनी ठेवून घेतलं, होकार अजून नाही. सोबत एकन यांच्या अभ्यासातला तो २३ टक्क्यांचा आकडा लिहिला होता. पाठपुरावा सोडणार नाही.

आणि आजी काल आल्या होत्या. दोन आठवडे डोस थांबवल्यामुळे तळव्यांवर नवी गुलाबी कातडी आलीय. डॉक्टरांनी डोस थोडा कमी करून पुन्हा सुरू केला. ड्रिप लावायच्या आधी मी स्टूल ओढून मुलीसमोर बसले. म्हटलं, "मागे तुम्ही विचारलं होतं, हे थेट गाठीतच जातं का. मी घाईत हो म्हणाले, ते चुकलं. आता नीट सांगू का? किती जाणून घ्यायचंय?" ती म्हणाली, आकडे नकोत, पण हात का सोलवटले ते सांगा. मग मी फुगा सांगितला, घट्ट विणीच्या वाहिन्या सांगितल्या, हृदय आणि तळवे सांगितले. आजी मधेच म्हणाल्या, "म्हणजे हातांनी सोसलं म्हणून काळीज वाचलं."

मुलगी जरा वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "मग आईच्या हृदयाचा इको शेवटचा कधी झाला होता?"

फाइल उघडली. पाच महिने झाले होते. मी डॉक्टरांसाठी पहिल्या पानावर चिठ्ठी लावली आणि मग ड्रिप सुरू केली.